एअर फिल्टरमधल्या अक्षता

८ ऑक्टोबर २००८, बुधवार

खंडेनवमी. साधनाने ही वही हातात दिली. म्हणाली, बीपीच्या गोळीसोबत रोज पानभर लिहीत जा, माझ्याशी कटकट करण्यापेक्षा वहीशी करा, वही उलट बोलत नाही. बरं. करतो वहीशी कटकट.

आज दुबईत अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा केली. आमच्या वडिलांचं भोसरीला लेथचं छोटं युनिट होतं, तेव्हापासूनची सवय. या देशात येऊन वीसेक वर्षं झाली, एकही खंडेनवमी चुकवली नाही. पाने, जॅक, टॉर्क रेंच, सगळ्यांना हळदकुंकू. यंदा मानाचं पान बर्फातल्या गाडीला. पुण्यात फोनवर सांगितलं तर भाऊ हसत सुटला, दुबईत स्नोमोबाइल? अरे, आहेत. मॉलच्या पोटात बर्फाचा हॉल आहे, बाहेर चाळीस डिग्री आणि आत उणे दोन. घसरून पडलेल्या माणसाला स्लेजवर बांधून उतारावरून खाली आणायला अशा चार गाड्या आहेत. आम्हीच विकल्या, सर्व्हिसही आमची, आणि वॉरंटीचा इन-चार्ज मी.

मशीन नंबर दोन सर्व्हिसला आलं होतं. मोहिद्दीनने पुसून, हूड लावून तयार ठेवलेलं. मी म्हटलं, हे काय, प्लॅस्टिकला कुंकू लावू? उघड सगळं. फिल्टरचं झाकणही काढ, देवासमोर मशीन मोकळं हवं. मोहिद्दीन पारकर आमचा हेड मेकॅनिक. दापोलीकडचा कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा गोड बोलतो. तबक त्यानेच धरलं होतं. म्हणाला, "चांगलं दोन वेळा ओवाळा राजाभाऊ, वॉरंटी संपेपर्यंत टिकला पायजे देव." साधनाने कुंकवात घोळवून अक्षता दिल्या होत्या भरपूर, त्या मी मूठमूठ वाहिल्या. कंजुषी कशाला करायची? नंतर मोहिद्दीनने एअर गन मारून मशीन साफ केलं आणि बंद केलं. पेढे सगळ्यांनी खाल्ले.

आमचे जनरल मॅनेजर जमालसाहेब ईदला अम्मानला गेलेत, अजून परतायचेत. ते असते तरी काही बोलले नसते बहुतेक. पण विचारायला कशाला जा.

टीव्हीवर अमेरिकेतल्या बँकांचं रडगाणं चालू आहे. आपल्याला काय त्याचं.

१९ ऑक्टोबर, रविवार

घ्या. मशीन नंबर दोन सीज. चालता चालता इंजिन जाम, दोरी ओढली तर तसूभर हलत नाही. मोहिद्दीनने खोललं तर पिस्टनवर उभे ओरखडे, जणू कुणी किसणीवर घासलाय. पाच महिन्यांचं मशीन!

मी घाबरलो नाही. घाबरायचं काय? वॉरंटी म्हणजे वॉरंटी. आमच्या धंद्यात मशीन बनवणाऱ्या कंपनीला प्रिन्सिपल म्हणतात, आणि आमचा प्रिन्सिपल युरोपातला आहे, दुकानदार नव्हे. आजवर माझा एक क्लेम परत आलेला नाही. फोटो काढले, फॉर्म भरला, त्यांच्या नियमाप्रमाणे पिस्टन, पंप आणि अख्खा फिल्टरचा डबा सील करून कुरियर केला. मोहिद्दीन म्हणत होता, डबा आधी उघडून बघू या. मी म्हटलं, हात लावू नकोस, ओरिजिनल कंडिशनमध्ये जायला हवं. नियम म्हणजे नियम.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मशीन नंबर एकही गेलं. तोच आजार. उद्या लक्ष्मीपूजन आणि मी हॉलच्या मॅनेजरकडून इंग्रजीत शिव्या खाऊन आलो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून घरी पोचेपर्यंत चकल्या मऊ पडल्या होत्या. साधना म्हणे त्या सकाळपासूनच मऊ होत्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज नको ते झालं. हॉलमध्ये एक फिलिपिनो इन्स्ट्रक्टर पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याला स्लेजवर बांधलं, आणि अर्ध्या उतारावर मशीन नंबर चार बंद पडलं. तो पोरगा बांधलेल्या अवस्थेत बर्फावर पडून ओरडतोय, आणि चार माणसं स्लेज हाताने धरून खाली आणतायत. मी आणि मोहिद्दीन दुसऱ्या कामाला तिथेच गेलो होतो. मोहिद्दीन धावत वर गेला, स्लेजची मागची बाजू त्याने धरली. मी खाली उभा होतो, बूट नव्हते ना मला बर्फाचे.

हॉलवाल्यांनी नोटीस दिली. वर्ष संपायच्या आत चारही मशीनं नव्या इंजिनाने चालू करा, नाहीतर काँट्रॅक्ट रद्द. आमच्याकडे दुसरं मोठं काम उरलंय कुठे? याटींचं, म्हणजे श्रीमंतांच्या बोटींचं, गिऱ्हाईक ऑक्टोबरपासून फोन उचलत नाही. शारजात अल मजाजला आमच्या टॉवरमध्ये रोज लिफ्टने कुणाचा तरी सोफा उतरतोय. वेदांगला विचारलं, शाळा कशी चाललीये, तर म्हणतो, "हाफ माय क्लास इज लीव्हिंग, बाबा." असं म्हणाला, जणू पिकनिकला चाललेत.

मोहिद्दीन परत येताना गाडीत ओले बूट पुसत होता. मग म्हणाला, "काँट्रॅक्ट गेला तर पयला मीच जाणार ना वो?" मी म्हटलं, वेड्या, तुझ्याशिवाय इंजिनाला हात कोण लावणार? त्याची बायको बानू आणि लहान मुलगी एप्रिलमध्ये आल्या इथे. आठ वर्षं हा माणूस रोल्याला बेडस्पेसमध्ये, भरल्या खोलीतल्या एका खाटेवर, राहिला, तेव्हा कुठे फॅमिली व्हिसा झाला. त्याची नोकरी म्हणजे त्या दोघींचा व्हिसा. मी म्हटलं, काळजी करू नकोस, प्रिन्सिपल चारही इंजिनं देणार, मी आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रिन्सिपलचा रिपोर्ट आला. तीनदा वाचला. क्लेम नामंजूर.

मशीन नंबर दोनच्या फिल्टरच्या डब्यात तांदळाचे दाणे सापडले. फोटोसकट. पांढऱ्या कागदावर ओळीने मांडलेले सात दाणे, बाजूला मोजपट्टी. माझ्या अक्षता! कुंकू तेलात गेलं असणार, नुसते काळपट तांदूळ दिसतात. त्यांनी लिहिलंय, वर्कशॉपमध्ये बाहेरचा पदार्थ इंजिनात जातो म्हणजे तुमची कामाची पद्धतच सदोष आहे, सबब चारही मशीनांची वॉरंटी रोखून ठेवत आहोत.

जमालसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "राजा, हबीबी, व्हाय इज देअर राइस इन माय इंजिन?" मी म्हटलं, चौकशी करतो सर. त्यांना लेखी खुलासा हवाय, नावासकट, कुणामुळे झालं ते.

घरी साधनाला सांगितलं. ती भाजी चिरत होती, थांबली. म्हणाली, "पण नंबर एक आणि चार पूजेला होतीच कुठे? ती का बंद पडली मग?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही, इंजिनाचा विषय आहे. प्रिन्सिपलचे इंजिनियर काय गाढव आहेत?

पण झोप नाही. अक्षता न वाहता नुसतं तबक ओवाळलं असतं तर देव काय रागावणार होता?

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोहिद्दीनशी बोललो, गाडीत बसून, एसी लावून.

मी त्याला सरळ सांगितलं. पूजेचं कागदावर आलं तर भलतंच होईल. इथे आपल्याला कुणी काही बोलत नाही, मंदिरही आहे, सगळं आहे. पण ऑफिसच्या वेळात, लोकल मालकाच्या वर्कशॉपमध्ये, गिऱ्हाइकाच्या मशीनवर पूजा, आणि तबक एका मुसलमानाच्या हातात! हे असं लिहून जमालसमोर ठेवायचं? माझं जाईल ते जाईल, पण त्याच्या बिरादरीत त्याला काय तोंड राहील? तो म्हणाला, "माझ्या बिरादरीचं मी बघतो वो. बापूस माझा तुमच्या गणपतीचा मखर बांधायचा गावात." मी म्हटलं, गाव वेगळं, कंपनी वेगळी.

मग मी मार्ग काढला. वर्कशॉपमध्ये सगळेच डबा खातात. मोहिद्दीनचा रोजचा डबा म्हणजे भात आणि बांगड्याचं कालवण. उघड्या इंजिनाशेजारी बसून जेवला, दाणे पडले. झालं! कोण बघायला बसलंय भात कच्चा होता की शिजलेला? चूक आहे, पण माणसाची चूक आहे. दगडापेक्षा वीट मऊ.

तो बराच वेळ स्टिअरिंगकडे बघत होता. गाडी माझी, स्टिअरिंगवर मी. तरी तिकडेच बघत होता. म्हणाला, "मग माझा काय होईल?" मी म्हटलं, वॉर्निंग लेटर. फार तर फार. ते फाइलला लागतं आणि लोक विसरतात. मी वॉरंटी इन-चार्ज आहे, खुलासा मीच लिहिणार, माझ्या शब्दाला किंमत आहे. तो म्हणाला, "तुमी बोलता तर ठीक हाय. तुमच्यावर नको यायला. वेदांगची धावी हाय."

भला माणूस आहे. मला मनापासून बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खुलासा मेल केला. इंग्रजी चांगलं जमलं. "टेक्निशियन कन्झ्यूम्ड हिज मील इन द व्हिसिनिटी." जमालसाहेबांनी वाचून मान डोलावली, शाबास म्हणाले. विषय खलास. सुंठीवाचून खोकला गेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बकरी ईद होऊन गेली सोमवारी. आज मोहिद्दीन, बानू आणि ती छोटी आमच्याकडे आले होते. बानू सांदणं घेऊन आली, केळीच्या पानात बांधून. रोल्याला केळीचं पान कुठे मिळतं हे तिने आठ महिन्यांत शोधलं, मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. साधना आणि ती स्वयंपाकघरात हसत होत्या. छोटीने आमच्या कार्पेटवर सरबत सांडलं, मोहिद्दीन रुमालाने पुसत बसला, किती सांगितलं तरी उठेना.

बानू जाताना मला म्हणाली, "भाऊ, हे बोलले, तुमी सगळा सांभाळून घेतला." मी म्हटलं, अगं त्यात काय. साधना माझ्याकडे बघत होती. ते लोक गेल्यावर तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. बायकांचं काही कळत नाही.

प्रिन्सिपलकडून अजून उत्तर नाही. ख्रिसमसच्या आधी तिकडे कुणी काम करत नाही म्हणे. हॉलवाल्यांच्या हातापाया पडून फेब्रुवारीपर्यंत मुदत मागून घेतली.

६ जानेवारी २००९, मंगळवार

मोहिद्दीनला काढलं.

वॉर्निंग लेटर नाही, काही नाही. जमालसाहेबांनी त्याला आणि मला केबिनमध्ये बोलावलं, कागद तयार होता. कामात गंभीर निष्काळजीपणा, तत्काळ बडतर्फ. या कलमाखाली काढलं की ग्रॅच्युइटीही जाते. मी म्हटलं, सर, यू सेड वॉर्निंग. ते म्हणाले, "आय नेव्हर सेड वॉर्निंग, राजा. यू सेड." खरंच की काय? आठवून पाहिलं. शाबास म्हणाले होते एवढं नक्की.

त्यांचं म्हणणं असं की कारवाई केलेली दाखवली तर प्रिन्सिपल गुडविल म्हणून निदान दोन इंजिनं देईल. शिवाय मंदी आहे, हेड मेकॅनिकचा पगार जास्त आहे, आणि खुलासा तर तुझ्याच सहीचा आहे. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यू आर सेफ. यू आर फॅमिली."

मोहिद्दीनला इंग्रजी पुरतं कळत नाही, पण कळलं. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "राजाभाऊ, वॉर्निंग बोललात ना?" जमालने विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, ही इज अपसेट.

त्याला वाटलं असतं तर तो तिथल्या तिथे पूजेचं सांगू शकत होता. तो हिंदीत सुरू झाला असता तर जमालला सगळं समजलं असतं. एक शब्द काढला नाही. सही केली, पेन माझ्या हातात परत दिलं आणि वर्कशॉपमध्ये जाऊन आपला पेटारा रिकामा करायला लागला. मला लाज वाटली. लिहून ठेवतो. पण वाटून करणार काय? मी खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर एकाच्या जागी दोन घरं उठली असती. हिशेब साधा आहे.

११ जानेवारी, रविवार

साधना म्हणते, आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा. तांदूळ माझे होते, टाकले तुम्ही, आणि घरी तो चाललाय. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणाली माझ्या तोंडावर. वेदांग बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसला होता, त्याने आवाज वाढवला.

मी तिला समजावलं. सांगितलं तर खोटा खुलासा दिला म्हणून मला काढतील, त्याला परत घेणार नाहीतच. दहावीची परीक्षा दीड महिन्यावर आहे. वेदांगला मधूनच उचलून पुण्याला कुठल्या शाळेत घालायचं? ती म्हणाली, "हे सगळं तुम्हाला नोव्हेंबरमध्ये नाही सुचलं?" नोव्हेंबरमध्ये मला वॉर्निंगच वाटत होती, हे तिला कितीदा सांगायचं! मी काही मुद्दाम केलेलं नाही. मी त्याला वाचवायला गेलो होतो.

प्रिन्सिपलला कारवाईचा मेल गेला. मीच ड्राफ्ट केला, माझ्याशिवाय इंग्रजी कोण लिहिणार?

२३ जानेवारी, शुक्रवार

आज मोहिद्दीन गेला, बायको-मुलीसकट. सहा महिने इथे दुसरी नोकरी करता येणार नाही असा बॅन बसला. साधना सकाळीच टॅक्सी करून रोल्याला गेली, मला गाडी काढा म्हणाली नाही. मी म्हटलं, मीही येतो. ती म्हणाली, कशाला? मग मी राहिलो. त्या लोकांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी आली तर हातात बानूचा मोदकपात्रासारखा मोठा टोप होता, सांदणाचा. सामानाच्या वजनात बसला नाही म्हणून देऊन गेली. साधनाने तो माळ्यावर ठेवला आणि आंघोळीला गेली. मी विचारलं, काही म्हणाला का मोहिद्दीन? आतून आवाज आला, "तुमची बीपीची गोळी विचारत होता, घेता का म्हणून."

१५ फेब्रुवारी, रविवार

मशीन नंबर तीनही सीज. चारीच्या चारी. नंबर तीन तर मे महिन्यापासून आमच्या वर्कशॉपच्या दारात आलेलं नव्हतं, त्याची सर्व्हिस तिथेच हॉलमध्ये झाली होती. आता खोलायला कुणी नाही. ज्या पोराला मेकॅनिक म्हणून ठेवलंय त्याने आजवर मोटरसायकलींपलीकडे काही पाहिलेलं नाही.

हॉलवाले स्लेज हाताने ओढतायत. मुदत पुन्हा वाढवून घेतली. मी आजकाल सगळ्यांच्या हातापाया पडतो.

११ मार्च, बुधवार

आज सकाळी प्रिन्सिपलचं सर्क्युलर आलं, जगातल्या सगळ्या डीलरना. २००८ च्या बॅचमध्ये तेलाचा पंप सदोष. तेल वरपर्यंत पोचत नाही, पिस्टन कोरडा चालतो आणि सीज होतो. त्या बॅचच्या सगळ्या मशीनांना नवीन इंजिन मोफत, याआधी क्लेम नामंजूर झाला असला तरीही. आमच्या चारही मशीनांचे नंबर यादीत आहेत.

म्हणजे अक्षतांचा काही संबंधच नव्हता. सात दाणे फिल्टरच्या जाळीवर बसून होते, आत गेलेच नाहीत. गेलेच नव्हते!

जमालसाहेबांनी अख्ख्या ऑफिसला बकलावा वाटला. म्हणाले, राजाच्या फॉलोअपमुळे झालं. मी टाळ्या घेतल्या. जेवणानंतर हळूच केबिनमध्ये गेलो. सर, मोहिद्दीनची काही चूक नव्हती असं आता सिद्ध झालं. त्यांनी स्क्रीनवरून डोळे न काढता विचारलं, "डिड ही ईट राइस ऑन द इंजिन ऑर नॉट?"

सांगायची वेळ हीच होती. मला कळत होतं. दोन-तीन सेकंद गेले असतील. मग त्यांनीच म्हटलं, "खलास. फाइल इज क्लोज्ड." मी थँक यू म्हणून बाहेर आलो. थँक यू कशाबद्दल म्हणालो ते मलाच माहीत नाही.

घरी सर्क्युलरचं बोललो नाही. वेदांगचे पेपर चालू आहेत, उगाच घरात वातावरण नको.

१९ मार्च, गुरुवार

मोहिद्दीनला फोन करून सांगावं असं रोज ठरवतो. पण सांगायचं काय? तुझी चूक नव्हती हे त्याला माहीतच आहे. उलट मनाला लागेल. त्यापेक्षा पुढेमागे त्याला कुठे चिकटवता आलं तर बघू. मी त्याला विसरलेलो नाही.

२ एप्रिल, गुरुवार

प्रिन्सिपलचा इंजिनियर आलाय, उंच, लालसर चेहऱ्याचा माणूस, इंजिनं बसवायला. चारही मशीनं त्याने दोन दिवसांत उभी केली. आज दुपारी तो, जमालसाहेब आणि मी केबिनमध्ये कॉफी पीत बसलो होतो, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मस्कतचा नंबर.

"मैं मस्कत से बोल रहा हूँ, मरीन इंजन की कंपनी है. मोहिद्दीन पारकर ने आपका नाम दिया है रेफरन्स में. आदमी कैसा है? काम कैसा है?"

जमालसाहेब समोर. त्यांना हिंदी चांगली समजते, इथे सगळ्यांनाच समजते. इंजिनियर पंपाबद्दल काही सांगत होता तो थांबला आणि दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "हमारे यहाँ था."

"छोड़ा क्यों?"

कामात एक नंबर आहे, डोळे झाकून घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पण मग जमाल विचारणार, एक नंबर माणूस होता तर खुलाशात ते काय लिहिलंस? तेही प्रिन्सिपलच्या माणसासमोर, ज्याने ते सात दाणे स्वतः बघितलेले असतील. मी म्हटलं, "देखिए, कंपनी की पॉलिसी है, इस बारे में हम कुछ बोल नहीं सकते."

मग तो अगदी अदबीने म्हणाला, "समझ गया सर. शुक्रिया."

मी वाईट काही बोललो नाही. एक वाईट शब्द बोललो नाही. पण आखातात वीस वर्षं काढलेल्या माणसाला पॉलिसी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, मी स्वतः तीनचार जणांना ते ऐकून नाकारलंय.

संध्याकाळी घरी पोचलो आणि गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होतो तोच मोहिद्दीनचा फोन. दापोलीहून, मागे कोंबडे आणि छोटीचा आवाज.

"राजाभाऊ, मस्कतवाल्यांचा आला होता ना वो फोन? काय बोललात?"

"चांगलंच बोललो."

"मला ठाव होता. मी बानूला बोललो, दुसऱ्या कुणाचा नाव द्यायचा नाय, राजाभाऊंचाच. तिने बॅग पण खाली काढलीन. शनवारी कळवतो बोललेत ते."

"बरं," मी म्हटलं.

"आणि मशीनांचा काय? बसली इंजिनं?"

"बसली. वॉरंटीत दिली त्यांनी."

"वॉरंटीत? मग भाताचा काय झाला?"

मी म्हटलं, "ते वेगळं रे. ते सोड."

तिकडे त्याने छोटीला दूर जायला सांगितलं. मग म्हणाला, "चला, बरा झाला. तुमचा तरी डोक्यावरचा उतरला."

फोन ठेवला तर साधना दारात उभी, हातात कपड्यांचे चिमटे. कुणाचा होता, विचारलं. मी म्हटलं, क्रेडिट कार्डवाले.